सातारा–सांगली, मार्गे कराड

एकाच संगणकाच्या पोटात अनेक काल्पनिक संगणक चालवून, त्यांना एकमेकांशी जोडून, घरबसल्या नेटवर्कचा सराव करण्याची जी विद्या आहे, तिच्यात ज्ञानलालसेपेक्षा राज्यतृष्णेचा अंश अधिक असतो, हे प्रस्तुत लेखकाच्या उदाहरणावरून सहज सिद्ध करता येते. १८४८ साली दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने खालसा केलेले सातारचे राज्य या लेखकाने आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पुन्हा स्थापन केले असून, कोणाचेही रक्त न सांडता सांगलीही त्याला जोडून घेतली आहे.

या राज्यात यंत्रे तीन. 'सातारा' आणि 'सांगली' ही दोन स्वतंत्र नेटवर्कमधील यंत्रे, आणि दोन नेटवर्क कार्डे बसवलेले, दोघांमधली ये-जा पाहणारे तिसरे यंत्र 'कराड', म्हणजेच राउटर. कृष्णा-कोयना जेथे समोरासमोर येऊन भेटतात ते गाव या कामास निसर्गतःच पात्र आहे. पत्ते कोणालाही न विचारता घेता येतात, कारण खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांच्या मालिका १९९६ च्या इंटरनेट दस्तऐवजाने नेमून दिलेल्या असून ते पत्ते घराबाहेर चालत नाहीत. लेखक सातारकर असल्याने साताऱ्यास '१०'ची संपूर्ण मालिका, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते बहाल करण्यात आले, आणि सांगलीची २५४ यंत्रांपुरत्या पत्त्यांवर बोळवण झाली. साताऱ्यात यंत्र एकच आहे, हा मुद्दा येथे गौण समजावा.

या काल्पनिक यंत्रांना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वाटा काढून देणारा जो प्रोग्राम, त्यास हायपरव्हायजर म्हणतात, आणि त्याचे स्वरूप समजून घेण्यास सांगलीसारखे दुसरे गाव नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे पात्रे म्हणत नसत. राम असो, रावण असो, सर्वांची पदे सूत्रधारच म्हणे, आणि पात्रे प्रसंगानुरूप हावभाव व उत्स्फूर्त भाषणे करीत. व्हर्च्युअल मशीनचेही तसेच आहे: आपण स्वतः डिस्कवर लिहितो, स्वतः नेटवर्कवर बोलतो, असा तिचा प्रामाणिक समज असतो, परंतु मागे उभा राहून सर्वांचे पद एकटा हायपरव्हायजर म्हणत असतो. त्या नाटकांत 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत राक्षस येत, आणि समयांच्या उजेडात पुढच्या रांगेतील पोरे दचकत असतील यात शंका नाही. तिन्ही यंत्रे एकदम सुरू केल्यावर लॅपटॉपच्या पंख्यातून निघणारा आवाज त्याच परंपरेतला आहे. नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकांत भाव्यांचा उल्लेख नसतो, हे त्या पुस्तकांचे दुर्दैव.

राज्य स्थापन झाले तरी टपाल सुरू होतेच असे नाही. लिनक्सवर चालणारे कराड साताऱ्याचे पाकीट घेते आणि स्वतःजवळच ठेवते, कारण एका कार्डावरून आलेले पाकीट दुसऱ्या कार्डावरून पुढे पाठवण्याची मुभा, जिला आयपी फॉरवर्डिंग म्हणतात, मुळात बंद असते. तिच्या फायलीतील शून्याचा एक करावा लागतो. त्यानंतर पाकिटे सांगलीस पोचतात, पण उत्तर येत नाही. सांगलीकर सगळे ऐकून घेतात आणि बोलत मात्र काहीच नाहीत, असा समाजशास्त्रीय निष्कर्ष काढण्याचा मोह सातारकरास अशा वेळी अनावर होतो. वस्तुतः परगावचे टपाल कोणाकडे सोपवायचे ते सांगणारी 'डिफॉल्ट गेटवे'ची ओळ सांगलीत कोरी असते. ती भरली की 'पिंग'ला, म्हणजे 'आहात का?' या चौकशीला, दोन-तीन मिलिसेकंदांत होकार येतो, आणि खऱ्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावर मात केल्याच्या थाटात लेखक ती वार्ता सांगलीस राहणाऱ्या मातोश्रींना फोनवरून कळवतो.

"त्या सांगलीला दिवसातनं दहा वेळा जातोस की," असे मातोश्रींचे त्यावरील भाष्य आहे, "मग ह्या सांगलीला कधी येणार?"

या प्रश्नास कोणत्याही नियमावलीत उत्तर नाही. सरावाच्या नेटवर्कचे सर्वांत मोठे सुख 'स्नॅपशॉट' हे होय: यंत्राची त्या क्षणीची संपूर्ण अवस्था जपून ठेवता येते, आणि नंतर कितीही नासधूस झाली तरी तेथवर परत जाता येते, म्हणून ही सांगली रात्री निर्धास्तपणे मोडता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी, जिथे ४५ फुटांना धोका मानतात तिथे, ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खऱ्या सांगलीपाशी अशी सोय नव्हती. पाणी ओसरल्यावर मातोश्रींनी लग्नाचा अल्बम गच्चीवर उन्हात ठेवला. पाने एकमेकांना चिकटली ती चिकटलीच, आणि ती सोडवू नयेत, आहे तेवढेही जाईल, असे त्यांनी सर्वांना बजावले. तो अल्बम अजून कपाटात, न उघडता, ठेवलेला आहे.

राज्यविस्ताराची पुढील पायरी मिरज ही असून ती मात्र रखडली आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ पासून एकच असल्याने मिरजेला सांगलीच्याच नेटवर्कचा एक पोटविभाग करणे तांत्रिकदृष्ट्या सोयीचे ठरते. परंतु सांगली संस्थान मुळात मिरजेपासूनच वेगळे झालेले असल्याने ही व्यवस्था मिरजकरांच्या कानावर घालण्याची हिंमत लेखकात नाही, आणि मिरजेला स्वतंत्र नेटवर्क देऊन कराडला तिसरे कार्ड बसवायचे, तर आणखी आठ जीबी रॅम लागेल, ज्याचे पैसे मागायचे तर सांगलीला जावे लागेल.