फुली मारली तिथे सही

सरकारला पालकांचे वावडे आहे, हा आरोप निव्वळ खोडसाळ आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 21व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांना दिल्या आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यायला सांगितले. 2012च्या दुरुस्तीने दिव्यांग मूलही त्या गटात आले. म्हणजे कागदोपत्री दिव्यांग मुलाची आई शाळेचा विकास आराखडा बनवते, अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवते. अडचण किरकोळ आहे. प्रमाण सबंध गटाचे पाहायचे असल्याने दिव्यांगांसाठी वेगळी खुर्ची नाही. आणि कोणी त्यांचे स्वतंत्र गणित मांडलेच, तर दीडशे मुलांत दोन दिव्यांग असताना पालकांच्या 12 जागांपैकी त्यांच्या वाट्याला साधारण एक षष्ठांश जागा येते. आईचा सहावा हिस्सा सभेला कसा बोलवायचा, यावर अजून जीआर निघायचा आहे.

समजा, ती अख्खी आली. समोर विषय काय, तर कुंपण, पाण्याची टाकी, स्नेहसंमेलन. तिच्या मुलाला लागते ते सगळे दुसऱ्याच टेबलांवर ठरते. प्राथमिक वर्गांत दहा आणि उच्च प्राथमिकमध्ये पंधरा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले. पण पद मंजूर करणे हे गावच्या समितीचे काम नव्हे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. ते कशावर खर्चायचे, याचा आराखडा जिल्हा, राज्य, दिल्ली असा वर चढतो. मोजमाप शिबिराची तारीखही वरूनच येते. माप घेतल्यापासून व्हीलचेअर हाती पडेपर्यंत मूल वाढलेले असते, हा दोष अर्थातच मुलाचा.

यावर हमखास उत्तर मिळते, की विशेष शिक्षण तज्ज्ञांचा प्रांत आहे, पालकांना त्यातले काय कळते? स्वमग्नता म्हणजे काय, हे तज्ज्ञाला कळते, मान्य. पण मधल्या सुट्टीच्या घंटेला हेच पोर कान झाकून का पळते, हे आईला ठाऊक असते, आणि ते विचारले नाही तर तज्ज्ञाचा आराखडा पहिल्याच घंटेला कोलमडतो. शिवाय पालकांचे हे अज्ञान मोठे सोयीस्कर असते. युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरणे, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या खेपा घालणे, तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरीच शिकवताना शिक्षक येत नाहीत ते सगळे दिवस भरून काढणे, या कामांना तोच पालक एकाएकी सर्वज्ञ होतो. अडाणीपणा आठवतो तो फक्त निर्णयाच्या वेळी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक पालक आपल्याच लेकराचे बघतो. बघतोच. पण एका मुलासाठी मागितलेला रॅम्प पुढची वीस वर्षे कोणाकोणाला चढवतो. मतदानाच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या त्यावरूनच जातात. (काही शाळांना रॅम्पची आठवण त्याच दिवसाने करून दिली, ते सोडा.) आणि दहा पालक दहा गोष्टी मागत असतील, तर त्यांतून निवड करणे यालाच नियोजन म्हणतात, एकालाही न विचारणे म्हणजे नियोजन नव्हे. पालक सभेला येतच नाहीत, ही तक्रारही खरी. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने दुपारी दोनची सभा गाठायची म्हणजे मजुरी बुडवायची. साहेबाला बैठकीचा प्रवासभत्ता मिळतो, तिला चहा.

तेव्हा एक नम्र सूचना. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्याच्या बैठकीत विशेष गरजांच्या मुलांचा विषय निघेल तेव्हा तीन चतुर्थांश पालक बसवावेत, भत्त्यासह. अधिकाऱ्यांना वगळू नये, सहभाग महत्त्वाचा. त्यांना आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडावा, मागच्या रांगेत बसवावे, आणि निघताना इतिवृत्तात जिथे पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही घ्यावी. काय ठरले ते वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये.