लाकडी आंब्याचा गहिवर

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं मिळतात. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची, हाताने रंगवलेली. केळ्याच्या सालीवरचे काळे ठिपके, पेरूच्या देठाशी उतरत गेलेला हिरवा रंग. काम इतकं चोख की माशीही फसावी. कारागिराच्या लेखी आंबा म्हणजे आंबा. गिऱ्हाईकाच्या हातात गेला, की त्याचं आजोळ होतं.

गणपतीला गावी आलेला चाकरमानी तो आंबा तळहातावर फिरवतो आणि गहिवरतो. आजीची पडवी, मागल्या दारची बाग, मे महिन्याची सुट्टी, सगळं त्याला त्यात दिसतं. त्याच बागेवरून चुलत्यांशी वर्षानुवर्षं दावा चालू आहे, तेवढं दिसत नाही. सोबतच्या वहिनी शेजारची भातुकली उचलतात: चूल, जातं, पाटा-वरवंटा. "मुलांना आपली मुळं कळायला हवीत हो." घरच्या पाट्यावर शेवटचं वाटण कधी वाटलं, हे विचारायचं नसतं. तो पाटा सध्या गॅलरीत कुंडीखाली आहे.

एवढं झालं की आवाज बदलतो. "एवढ्याशा आंब्याला एवढे? द्यायचे किती ते बोला." अनमोल आजोळातले पन्नास रुपये सुटले, की जिवाला बरं वाटतं. कारागीर बिचारा लाकूड, रंग आणि मजुरीच धरतो. आठवणींचा आकार वेगळा लावत नाही.

घासाघीस करायची तर खुशाल करा, पण मग दुकानात डोळे पुसू नका.