दुर्गम कुणाला?

थंडी पडली की सायकल सहलींच्या जाहिराती सुरू होतात. चार-पाच दिवसांचा प्रवास, सोबत वाटाड्या, मागून सामानाची गाडी आणि ठळक अक्षरांत तेलंगणातल्या ‘आदिलाबादचे दुर्गम डोंगर’. माझा राग त्या एका शब्दावर आहे. याच डोंगरांतलं केसलापूर कुणाला दुर्गम? पौष अमावास्येला नागोबाच्या जत्रेत तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्याआधी गोंडांच्या मेस्राम कुळातली माणसं अनवाणी निघतात, जन्नारमच्या बाजूला गोदावरीवर जाऊन झारीत पाणी भरतात आणि वाटेत मुक्काम करत पायीच परततात. त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. या डोंगरातल्या वाटा ज्यांच्या पायांना पाठ आहेत, त्यांच्या मुलखाला परक्याने दुर्गम म्हणू नये.

सायकलीने इथे यावंच, असं मी कुणालाही सांगेन. मोटारीत कळत नाही तो चढ मांड्यांना कळतो, आणि कापूस वेचणाऱ्या बायांनी हाक मारली तर ती ऐकू येते. पण थांबायला हवं ना!

इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर असाच एक गट मी पाहिला. पाणी गाडीतलं, केळी गाडीतली, चहासुद्धा थर्मासमधला. टपरीवाला नुसता बघत उभा. एकाच्या चाकात बाभळीचा काटा गेला आणि गाडीतल्या नव्या ट्यूबा संपलेल्या, तेव्हा कुठे गावातल्या पोराला हाक गेली. त्याने ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून फिरवली, बुडबुडे आले तिथे बोट दाबून धरलं, पुसून घासली, सोल्यूशन लावून फुंकर मारली. बोलत होता माझ्याशी मराठीत, आईशी गोंडीत, टपरीवाल्याशी तेलुगूत. खरा वाटाड्या हाच. गटाचा वाटाड्या मात्र शहरातून आणलेला, मोबाईलवरच्या नकाशात डोकं घालून.

इंद्रवेल्लीचा स्तूप तिथून जवळच. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडा तेरा. लोक सांगतात तो कितीतरी मोठा. गट तिथे थांबला नाही. कुंतलाच्या धबधब्याला उशीर होत होता म्हणे.

थांबणं म्हणजे काय, तेही याच डोंगरांत दिसलं आहे. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला इकडे धाडलं. तो मारलवाईत झोपडी बांधून राहिला, गोंडी शिकला. त्याच्या खटपटीतून गोंड शिक्षक तयार झाले, मुलांसाठी गोंडी पुस्तकं निघाली, तीही देवनागरीत. त्याची पत्नी बेटी हिची समाधी मारलवाईतच आहे. २०१६ च्या जिल्ह्यांच्या फेररचनेत जोडेघाट आणि मारलवाई ही दोन्ही गावं आसिफाबाद जिल्ह्यात गेली, पण सायकलला जिल्ह्याची हद्द कुठे आडवी येते?

वर्षानुवर्षं मुक्काम करा, असं कुणी म्हणत नाही. एक रात्र गावात काढा. ज्वारीची भाकरी तिथल्याच चुलीवरची खा, तिचे पैसे त्याच घरात द्या. वाटाड्या गावातला घ्या आणि त्याला शहरातल्या वाटाड्याइतकीच मजुरी द्या. जाहिरातीतून ‘दुर्गम’ खोडा, गावांची नावं लिहा.

चाक बसवून झाल्यावर त्या पोराने विचारलं, ‘आज मुक्काम कुठं?’ सायकलवाल्याने वाटाड्याकडे पाहिलं.