डास कुणाकडे जेवला? नवशिक्यांसाठी

पहाटे साडेपाचला उठा आणि कळवणच्या एखाद्या ओळखीच्या गोठ्यात शिरा. एका हातात बॅटरी, तोंडात डास ओढायची नळी. काचेच्या नळीला रबरी नळी जोडलेली असते, मध्ये बारीक जाळी. जाळी आधी तपासा. नाहीतर डासाच्या पोटातला नमुना तुमच्या पोटात जाईल.

घरची मावशी विचारेल, "काय करी राहिना रे भाऊ?" खरं सांगा. खोटं सांगितलंत तरी गोठ्यात बॅटरी घेऊन फिरण्याचं याहून बरं कारण तुम्हाला सुचणार नाही.

भिंतीवरचे सगळे डास ओढत बसू नका. रक्त फक्त मादी पिते. तिचं पोट लालभडक हवं. काळपट झालं म्हणजे जेवण पचत आलं. दीड-दोन दिवसांत त्यातल्या डीएनएचे इतके तुकडे होतात, की यजमान ओळखणं अवघड. कोंबडीचं रक्त त्यातल्या त्यात सोपं: पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. गाईच्या आणि आपल्या नसतं, त्यामुळे भिस्त बरीचशी पांढऱ्या पेशींवर.

आता पोट चिरडा, डीएनए काढा, पीसीआर लावा. (करोनानंतर हा शब्द कळवणच्या पारावरही समजावून सांगावा लागत नाही.) केंट आणि नॉरिस यांनी २००५ साली सायटोक्रोम-बी या जनुकावर बेतलेली एक सोयीची चाचणी दिली. जेलवर किती बेस-जोड्यांची पट्टी उमटते ते बघायचं: शेळी १३२, माणूस ३३४, डुक्कर ४५३, गाय ५६१, कुत्रा ६८०. यादी झांबियातल्या डासांसाठी केलेली, म्हणून तीत म्हैस नाही. तिची सोय तुम्ही वेगळी करा.

एका नळीत नुसतं पाणी ठेवायला विसरू नका. पाण्यातही ३३४ ची पट्टी उमटली, तर अभिनंदन, तुम्ही स्वतःचाच डीएनए शोधलात. हातमोजे घाला.

नवशिक्यांची खरी फजिती पुढे होते. शंभरातल्या नव्वद डासांत गाय सापडली, की लगेच लिहितात: डासाला गाय आवडते. अरे, पकडलास कुठे? गोठ्यात! पंगतीत वरण-भात वाढला आणि पाहुण्याने तो खाल्ला, म्हणून पुरणपोळी त्याला नावडती ठरत नाही. घरात, ओट्यावर, बाहेर झुडपातही डास पकडा. गावात माणसं किती, जनावरं किती, तेही मोजा. ग्रामीण भारतातला हिवतापाचा मुख्य वाहक अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीज बहुतेक जनावरांवरच जेवतो. तरी हिवताप पसरवतो, कारण त्याची संख्या अफाट. शिवाय तो एक नव्हे, दिसायला सारख्या पाच भावंडांचा गट. त्यातला 'बी' हिवताप पसरवण्यात कच्चा. म्हणजे जेवणाऱ्याचीही जनुकं तपासायची.

१८९७ साली सिकंदराबादेत डासांत हिवताप शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसने हुसेन खान या रुग्णाला डास चावून घेण्यासाठी दर डासामागे एक आणा दिला होता. तिथे यजमान कोण हा प्रश्नच नव्हता.

निकाल आला की मावशीला कळवा. एका डासात ३३४ आणि ५६१, दोन्ही पट्ट्या सापडल्या म्हणावं; गाय झाली, माणूसही झालं. ती विचारेल, "माणूस म्हंजे कोण? मी, का आमची सून?" एवढं या चाचणीला कळत नाही. मावशीच्या लेखी तुमची पहाट फुकट गेली. चहा मात्र मिळेल.