आधी शेजार, मग घर

अश्दोद, इस्रायल

तीर्थरूप दादांस,

पत्रात ‘मी मी’ नको, वार्तापत्र असावं तसं लिही, ही तुमची मास्तरकीतली शिस्त. म्हणून हे पत्र तृतीयपुरुषी. यात कन्या म्हणजे तुमची, सातारची. जावई म्हणजे ठाण्याचे बेने इस्रायल, कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले. नात अकराची, नातू सातचा. सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत. जावयांच्या पोटाचा घेर तेवढा वाढलाय, पण त्याला तब्येत म्हणायची पद्धत आपल्याकडेही आहेच.

तुमच्या पत्रातला प्रश्न नेमका होता: ‘कायद्यानं घरात घेतलं हे समजलं. लोकांनी घेतलं का?’

कायद्याचं आधी उरकून टाकू. इस्रायलमध्ये 1950 साली परतीचा कायदा झाला. जगातल्या कुठल्याही ज्यू माणसानं यावं आणि नागरिक व्हावं. 1970 च्या दुरुस्तीनं ज्यू कोण हे ठरवलं: आई ज्यू असलेला, किंवा धर्मांतर केलेला आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. त्याच दुरुस्तीनं ज्यू माणसाच्या बायको-मुलांनाही येण्याचा हक्क दिला. म्हणजे जावयांच्या तिकिटावर सगळं बिऱ्हाड तसंही आलं असतं. मग इथं येण्याआधी कन्येनं न्यू जर्सीत बसून धर्मांतरासाठी एवढा अभ्यास का केला, पोरांनाही त्यात का घेतलं, असं आई विचारते. तर आईला सांगा, इथं खिडक्या दोन आहेत. नागरिकत्वाची खिडकी गृहखात्याची, लग्नाची रब्बीखात्याची. देशात नोंदणी विवाहाची सोय नाही. रब्बीखात्याच्या लेखी जे ज्यू नाहीत ते सायप्रसला जाऊन लग्न करून येतात आणि सरकार त्याची मुकाट नोंद करतं. आणि ज्यूपण आईकडून येतं. जावई कितीही पक्के असले तरी कन्येचं धर्मांतर झाल्याशिवाय नात-नातू त्या दुसऱ्या खिडकीवर परकेच.

म्हणून गाव निवडण्याआधी या मंडळींनी धर्मपीठ निवडलं. 2017 साली इथल्या मुख्य रब्बीखात्यातली एक यादी बाहेर आली होती. ज्यांनी लिहून दिलेले ज्यूपणाचे दाखले मानले गेले नाहीत, अशा देशोदेशींच्या 160 रब्बींची नावं तिच्यात होती. दाखला देणारा कितीही विद्वान असो, तो घेणाऱ्याच्या यादीत बसतो का, हे आधी पाहावं लागतं. पुढं 1 मार्च 2021 ला इथल्या सर्वोच्च न्यायालयानं रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांत इस्रायलमध्ये झालेली धर्मांतरंही नागरिकत्वासाठी ग्राह्य धरली. तो खटला पंधरा वर्षांहून जास्त चालला होता, म्हणजे आपल्या दिवाणी कोर्टांना लाजण्याचं कारण नाही. पण लग्नाची खिडकी तेव्हाही तसूभर हलली नाही.

धर्म घ्यायला आलेल्याला रब्बीनं आधी परत पाठवायचं, अशी जुनी रीत आहे. बायबलातल्या नामीनं सुनेला, रूथला, तीनदा ‘माघारी जा’ म्हटलं होतं, त्यावरून ती आली. कन्येला सरकारी कचेऱ्यांची सवय. ‘नंतर या’ हे वाक्य ऐकून तिला उलट घरच्यासारखं वाटलं. पुढं तीन न्यायाधीशांसमोर परीक्षा, मिकवे या विधीकुंडाच्या पाण्यात बुडी, आणि मग आपल्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न, कारण पहिलं सातारचं लग्न ज्यू धर्मशास्त्रात बसत नव्हतं. याही वेळी जावयांनी मानपान मागितला नाही, हे नोंदवून ठेवा. मंगळसूत्र मात्र जिथल्या तिथं राहिलं. बेने इस्रायल बायका ते पूर्वापार घालत आल्या आहेत.

या लग्नात एक अडचण येऊ शकली असती. कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातल्या पुरुषाला धर्मांतरित बाईशी लग्न करता येत नाही. जावई कोहेन असते तर सगळा अभ्यास करूनही कन्या मांडवाबाहेरच राहिली असती. पण बेने इस्रायलांमध्ये परंपरेनं कोहेनच नाहीत. कोकणच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांत पुरोहित नव्हता, असं सांगतात. त्याचा फायदा झालेली आपली कन्या पहिलीच असावी.

धर्मांतर केलेल्या मुलांना वयात आल्यावर ते नाकारायचा हक्क असतो, मुलीला बारा पूर्ण झाल्यावर आणि मुलाला तेरा. हे नातीला कुणी सांगितलं देव जाणे. सध्या भांडी विसळायला सांगितली की ती म्हणते, ‘बारावं सरू दे, मग बघू.’

आता तुमच्या तक्रारीकडे. धर्मांतराच्या दाखल्यावर वडिलांच्या जागी अब्राहमचं नाव पाहून तुम्ही पत्रात दोन ओळी फारच जोरात गिरवल्या होत्या. रीतच तशी आहे. धर्म घेणारा अब्राहमचा मुलगा किंवा मुलगी म्हणवला जातो. पण बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसनं असंही लिहून ठेवलंय की धर्मांतरितानं जन्मदात्या बापाचा अवमान करू नये. तेव्हा कन्येवर तुमचा अंमल शाबूत आहे. गौरी-गणपतीला माहेरी येणं आता जमत नाही, याचं मात्र तिलाही वाईट वाटतं. त्यावर धर्मशास्त्रात उत्तर नाही आणि तिच्यापाशीही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, लोकांनी घेतलं का. राहायच्या गावांची पाहणी रानानापासून सुरू झाली. स्वच्छ, हिरवं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर इंग्रजी. अमेरिकेतून आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली सुखवस्तू मंडळी. शब्बातच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीदिनाच्या, जेवणाला एका घरी बोलावलं. यजमानीणबाई गोड होत्या, पण सॅलड वाढता वाढता म्हणाल्या, ‘तुमची गोष्ट सांगा ना! कशामुळे वळलात?’ त्यांच्याच तालमुदात, बाबा मेत्सिया या ग्रंथात, धर्मांतरिताला त्याच्या आधीच्या आयुष्याची आठवण करून देऊ नये असं बजावलंय. तोराहनं परक्याला दुखवू नये हे 36 ठिकाणी सांगितलंय, काहींच्या मते 46, हा हिशेबही तिथंच आहे. पण कुतूहलाला कुठलं शास्त्र? कन्येनं गोष्ट सांगितली. गोड येईपर्यंत टेबलावरच्या सगळ्यांना सातारा कुठं आहे ते कळलं होतं आणि कन्येचं सूप गार झालं होतं. माणसं वाईट नव्हती, पण प्रत्येक शुक्रवारी कीर्तन करायची तयारी हवी.

बेत शेमेशला गल्लीगणिक वारं बदलतं. एका भागात इंग्रजी बोलणारी, नव्या माणसाला आठवडाभर डबा पोचवणारी कुटुंबं. थोडं पुढं गेलं की बायकांनी कसे कपडे घालावेत याच्या पाट्या. 2011 च्या अखेरीस तिथं शाळेत जाणाऱ्या आठ वर्षांच्या, तीही धार्मिक घरातल्या, मुलीवर कपड्यांवरून काही कट्टर पुरुष थुंकले आणि देशभर गहजब झाला. त्या गावाला सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. डबे पोचवणारेही तिथलेच. पण भाड्याची जाहिरात वाचून बेत शेमेशला घर घेणारा माणूस शूर म्हणायचा. नातीनं पाट्या वाचल्या आणि बाराव्या वर्षाचा विषय काढला.

मोदीईन कन्येला खरंच आवडलं होतं. 1990 च्या दशकात मोशे सफदी या वास्तुतज्ज्ञाच्या आराखड्यावर उभं राहिलेलं शहर, जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मधोमध. तिथं सगळेच अलीकडचे, त्यामुळे ‘तुम्ही कुठले’ विचारणाराही कालपरवाच आलेला. धर्मांतरित घराला ही हवा मानवते. भाडं ऐकून जावई बराच वेळ आराखड्याचंच कौतुक करत राहिले.

आणि मग दिमोना. वाळवंटात मराठी! बाजारात एक आजीबाई दुसरीला ‘अगं, कोथिंबीर बघून घे’ म्हणाल्या आणि नातू जागच्या जागी थबकला. जावयांच्या मावसबहिणीकडे मुक्काम होता. तिथल्या ज्येष्ठ बायकांनी कन्येची जी उलटतपासणी घेतली तिच्यापुढं न्यू जर्सीचं धर्मपीठ बालवर्ग. माहेरचं आडनाव काय? ‘कर’ नाही? मग गाव कुठलं? बेने इस्रायलांची आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली. सातारचं आडनाव त्या नकाशात बसेना. शेवटी कन्येनं सरळ सांगितलं, माहेर हिंदू, धर्म नंतर घेतला.

खोली गप्प झाली. मग सगळ्यांत थोरल्या बाई म्हणाल्या, ‘आमचेच पणजे-खापरपणजे तपासायला निघाले होते गं. आम्ही कुणाचं काय तपासणार? पुरणपोळी येते का?’

त्या बोलण्यामागं इतिहास आहे, दादा, आणि तो तुम्हाला आवडेल. हा समाज भारतातून इथं आला, वसाहतींच्या गावांत कष्टाला लागला, आणि 1962 मध्ये मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्रायलांपैकी कुणाचं लग्न इतर ज्यूंशी लावताना त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. म्हणजे जन्मानं ज्यू असूनही वंशावळ दाखवा. मंडळी जेरुसलेमला निदर्शनांना बसली. ऑगस्ट 1964 मध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं संसदेत जाहीर करून घेतलं की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि रब्बीखात्यानं फर्मान मागं घेतलं. ज्यांना दारात उभं केलं होतं त्यांच्या दारात धर्मांतरित घराला कमी वेळ उभं राहावं लागतं, असं कन्येचं मत झालं. जावई म्हणतात, हा नियम नाही, पुरणपोळीचा प्रभाव.

दिमोनाला राहायचं मात्र जमलं नाही. जावयांचं काम तेल अवीवकडे, रोजची ये-जा जीव काढणारी. शिवाय नात्यातलं गाव म्हणजे प्रेमही फार आणि पहाराही फार. एकट्या घराला तयार समाज शोधावा लागतो, ही गोम आहे. इटलीतल्या सान निकांद्रो गावच्या शेतकऱ्यांचं बरं होतं. दोनातो मांदुत्सियो नावाच्या युद्धात अधू झालेल्या गृहस्थाच्या नादानं गावातली कितीतरी घरं ज्यू धर्माकडे वळली, 1946 मध्ये रीतसर धर्मांतर झालं आणि 1949 मध्ये बहुतेक सगळी इथं गालीलच्या डोंगरांत येऊन राहिली. मांदुत्सियो स्वतः त्याआधीच वारला. त्या लोकांनी शेजार सोबतच आणला होता.

अश्दोदचा निकाल शेवटी भातावर लागला. पेसाखच्या सणात आठ दिवस, इथं इस्रायलमध्ये सात, गव्हाचा फुगलेला कण घरात चालत नाही. युरोपकडचे अश्केनाझी ज्यू तांदूळ आणि डाळीही वर्ज्य करतात. बहुतेक सेफार्दी आणि बेने इस्रायल खातात. धर्मांतरित बाईनं नवऱ्याच्या घरची रीत उचलायची, म्हणून वरण-भात कन्येच्या हक्काचा. पण शेजारी सगळे अश्केनाझी असले तर सणात एकमेकांकडे जेवायचं कसं? अश्दोद 1956 साली वसलं, पहिली घरं मोरोक्कोहून आलेल्यांची. पुढं रशियन, जॉर्जियन, फ्रेंच आणि आपली कोकणची मंडळीही आली. खालच्या मजल्यावर एक मोरोक्कन बाई आहेत. पेसाखआधी त्या ताट घेऊन वर आल्या आणि टेबलावर तांदूळ ओतले. सेफार्द्यांत हे तांदूळ तीनदा निवडतात, चुकून गव्हाचा दाणा नको. कन्येचे हात आपोआप चालू लागले. डाव्या हातानं पसरायचं, उजव्या हाताच्या बोटांनी आपल्याकडे ओढायचं, खडा बाजूला. बाईंनी थोडा वेळ पाहिलं, स्वतःचा ढीगही कन्येपुढं सरकवला आणि चहा मागितला. भाषा? उलपानात, म्हणजे हिब्रूच्या वर्गात, शिकलेलं कन्येचं हिब्रू आणि बाईंचं अरबी वळणाचं हिब्रू. जुळलं.

त्या बाईंनीच डब्यावरचं वाचून हिंग बाहेर काढायला लावला. आपल्या बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. सणात बिनहिंगाचं वरण. दूध आणि मांस वेगळं, भांडी वेगळी, मोरी वेगळी, याचा कन्येला काहीच त्रास झाला नाही. आजीच्या सोवळ्यापुढं हे सगळं ढिलंच. उलट जावई चुकीचा चमचा उचलतात तेव्हा ती आजीच्याच आवाजात ओरडते.

शाळेचंही लिहायला हवं, कारण खरी परीक्षा तिथं असते. एका शाळेनं प्रवेशअर्जासोबत कन्येचा धर्मांतराचा दाखला मागून घेतला आणि तो तीन टेबलांवर फिरवला. दुसऱ्या सरकारी धार्मिक शाळेतल्या बाईंनी विचारलं, नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. नातू दुसऱ्या शाळेत आहे. पहिल्याच आठवड्यात त्याला वाढदिवसाचं बोलावणं आलं. नव्यानं येणाऱ्या कुणी विचारलं तर कन्या हल्ली हेच सांगते: घर विकत घेऊ नका, आधी भाड्यानं राहा, दोन-चार शब्बात तिथं काढा, आणि रब्बी काय म्हणतात यापेक्षा पोरांना खेळायला कोण बोलावतं ते बघा.

तुम्ही दोघं हिवाळ्यात या म्हणजे तू बिश्वात या झाडांच्या सणाचा मलिदा चुकणार नाही. पोहे, नारळ, साखर, वेलची, फळं आणि प्रेषित एलियाहूची प्रार्थना. आई म्हणेल, हा तर सत्यनारायणाचा प्रसाद. म्हणू द्या, जावयांनी आधीच होकार देऊन ठेवलाय. खालच्या बाईंना तुम्ही दोघं शाकाहारी असल्याचं कळवलंय. ‘काही हरकत नाही, कोंबडी करीन,’ असं त्यांचं उत्तर आलंय, समजावणं चालू आहे.

शुक्रवारी दुपारी उतरणारं विमान घेऊ नका. बस-रेल्वे शनिवारी रात्रीपर्यंत बंद, आणि जावई शब्बातला गाडीला हात लावत नाहीत. सामानासह विमानतळावर दिवसभराहून जास्त बसावं लागेल. गुरुवारचं तिकीट काढा, खिडकी आईला द्या.

आपली,
कन्या, जावई, नात व नातू