शेंड्याकडचं वजन

पुण्यात ‘जरा येरवड्याला जाऊन आलो’ म्हटलं की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि आपल्याकडे निरखून पाहतो. तुरुंग की मनोरुग्णालय, एवढंच त्याला ठरवायचं असतं. माझं जाणं तिसऱ्याच कारणासाठी असतं. भाची तिथल्या एका मैदानावर सॉफ्टबॉल खेळते, आणि तिला सोडणं-आणणं हे मामाचं काम असल्याचा ठराव घरात एकमताने, म्हणजे माझ्या गैरहजेरीत, मंजूर झालेला आहे.

मैदानाच्या कडेला पालकांचा कट्टा भरतो. सॉफ्टबॉल आपल्याकडे बऱ्याच घरांत खेळ म्हणून शिरतच नाही. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांचं बोट धरून शिरतो. मग एखाद्या दिवशी मुलगी चेंडू कुंपणापार मारते आणि आईवडील गुणांचं विसरून बॅटवर बोलू लागतात. कट्ट्याचं ठाम मत असं, की बॅट जितकी जड तितका फटका लांब. या मताचं मूळ आमच्या लहानपणात आहे. वाड्यात ज्यांनी धुण्याच्या धोपटण्याने क्रिकेट खेळलं, त्यांची त्या ओल्या, जड लाकडावरची श्रद्धा अजून उतरलेली नाही. बसला तर चेंडू दोन वाडे ओलांडून जायचा. किती चेंडू बसलेच नाहीत, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

पदार्थविज्ञानवाल्यांनी मात्र हिशेब ठेवलेला आहे. बॅट आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात चेंडूला किती वेग मिळणार, याचं ढोबळ सूत्र असं: पिचरने, म्हणजे चेंडू टाकणारीने, दिलेल्या वेगाचा पाचवा हिस्सा घ्या आणि त्यात बॅटच्या वेगाची १.२ पट मिळवा. पिचरचा चेंडू ताशी १०० किलोमीटरने आला आणि बॅटही तेवढ्याच वेगाने त्याला भेटली, तर चेंडू १४०ने सुटतो. आता पिचरने आपला वेग दहाने वाढवला तर मारणारीच्या पदरात दोन पडतात. मारणारीने बॅटचा वेग दहाने वाढवला तर बारा. ‘समोरच्याचाच वेग वापरायचा’ हा क्रिकेटच्या समालोचकांचा लाडका सल्ला इथे फारसा पिकत नाही. जे काही करायचं ते आपलं आपणच.

मग बॅटचा वेग कशाने वाढतो? इथे कट्ट्याची पंचाईत होते. अमेरिकेत सॉफ्टबॉल खेळाडूंच्या हाती दोन तऱ्हेच्या बॅटी देऊन पाहिल्या. एका गटात वजन सगळ्यांचं सारखं, पण ते कुठे साठवलंय ते वेगवेगळं. दुसऱ्या गटात वजन वेगवेगळं, पण फिरवायला सगळ्या सारख्याच जड. स्विंगचा वेग बदलला तो पहिल्या गटात. दुसऱ्यात तो जवळपास हललाच नाही. म्हणजे तराजूवरचा आकडा गौण. वजन मुठीपासून किती लांब आहे, त्यावर सगळं. पटत नसेल तर कुठलीही बॅट जाड टोकाकडून उलटी धरून फिरवून बघा. वजन तेच राहतं, पण मनगट लगेच सुटकेचा श्वास टाकतं.

दुकानदारांच्या भाषेत शेंड्याकडे वजन असलेल्या बॅटला ‘एंड लोडेड’ म्हणतात. “काका, हीच घ्या, होम रनची बॅट आहे,” असं एकाने मला सांगितलं. भाचीने ती एका हाताने आडवी धरली. शेंडा आधी थरथरला, मग सावकाश जमिनीकडे निघाला.

“मामा, ही माझ्यासाठी नाही, पिंपळावरच्या माकडासाठी आहे,” असं म्हणून तिने ती परत दिली. दुकानदाराने शांतपणे दुसरी काढली. ती तिप्पट किमतीची होती.

किमतीचं कारण आतल्या पोकळीत आहे. हा खेळ १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात सुरू झाला तेव्हा चेंडू म्हणून बांधलेला बॉक्सिंगचा हातमोजा होता आणि बॅट म्हणून झाडूचा दांडा. तिथून लाकूड, मग ॲल्युमिनियम, मग कार्बनच्या धाग्यांचं कॉम्पोझिट असा प्रवास झाला. भरीव लाकडावर आदळला की चेंडू चपटा होतो, आणि चपटं होण्यात खर्चलेली बरीचशी शक्ती त्याला परत मिळत नाही. ती चेंडू तापवण्यात जाते. पोकळ बॅटची पातळ भिंत मात्र स्वतःच आत दबते, चेंडूला कमी दबू देते आणि घेतलेलं जवळजवळ सगळं परत करते. कॉम्पोझिटची गंमत अशी, की वापरून वापरून ती आणखी लवचीक होते. तेवढा धीर नसलेली मंडळी नवी कोरी बॅट रसवंतीतल्या उसासारखी रुळांमधून पिळून काढतात. काही जण आतली भिंत तासून पातळ करतात. दोन्ही बेकायदा, आणि दोन्ही चालतं.

म्हणून अमेरिकी सॉफ्टबॉल संघटनेने २००४पासून दंडक घातला: चाचणीत चेंडू ताशी ९८ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटरपेक्षा वेगाने सुटला तर ती बॅट बाद. समोर पिचर उभी असते, आणि तिला चुकवायला वेळ फार थोडा असतो. बॅटची लांबी ३४ इंच, जाडी सव्वादोन इंच आणि वजन ३८ औंस, म्हणजे किलोच्या जरा वर, अशीही हद्द आहे. आमचं धोपटणं जाडीच्या कलमाखालीच घरी गेलं असतं.

फिरवायला हलकी बॅट घेतली म्हणजे सगळं सोनं, असंही नाही. ती टकरीत जास्त मागे रेटली जाते, त्यामुळे वेगाने कमावलेलं तिथे बरंचसं खर्ची पडतं. माझ्या मते तिचा खरा फायदा निराळाच आहे. मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवर असते, आणि टाकताना आणखी पुढे झेपावते. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू सेकंदाच्या चार दशांशात येऊन पोचतो. तेवढ्यात तो ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. बॅट चटकन फिरणारी असेल तर थोडं उशिरा ठरवलं तरी भागतं. म्हणजे वजनातली बचत वाट पाहण्याच्या कामी येते. वाट पाहण्याबद्दल येरवड्याला कुणी शिकवायला नको. इथल्या तुरुंगात १८७१पासून तेच चाललंय.

त्याच तुरुंगात वेगाचा एक प्रश्न सुटलेला आहे. १९३० साली गांधीजी इथे कैदेत आणि काकासाहेब कालेलकर सोबतीला असताना, पेटीत मिटणारा चरखा आकाराला आला. त्याला नावच ‘येरवडा चक्र’ पडलं. मोठ्या चाकाने लहान चाक फिरवायचं आणि लहानाने चाती. हात बेताने फिरतो, चाती मात्र सुसाट पळते. चांगल्या स्विंगमध्येही असंच चालतं: आधी कंबर वळते, मग खांदा, मग मनगट, आणि प्रत्येक जण पुढच्याला आपल्याहून जास्त वेग देऊन स्वतः मंदावतो. मूठ किती थोडी सरकली आणि शेंडा किती धावला, हे कडेने पाहिलं तरच कळतं. चरख्याला दांडक्याच्या पंक्तीला बसवल्याबद्दल कट्ट्यावरच्या एका निवृत्त गुरुजींनी मला सगळ्यांदेखत झापलं. त्यांची नात संघात चौथ्या क्रमांकावर मारते आणि कंबर फार सुरेख वळवते, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

बॅट घ्यायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. बॅट एका हातात, हात खांद्याच्या रेषेत सरळ ताणून तिला अर्धा मिनिट धरायला सांगा. शेंडा खाली आला नाही तरच किंमत विचारा.