बदनामीचा बाजारभाव

केंद्र सरकारच्या अंमलबजावणी यंत्रणांची कर्तव्ये म्हणजे पाळत, छापा, अटक आणि जप्ती, असा सर्वसाधारण समज असला तरी जप्तीनंतर उरणारे जमिनीच्या दलालीचे काम त्या यंत्रणांना किती उत्तम साधते, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील मुंबके या गावाकडे वळावे. दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या या मूळ गावातील जमिनी ‘सफेमा’खाली सरकारजमा झाल्या. सफेमा म्हणजे तस्कर आणि परकीय चलनाचे गैरव्यवहार करणाऱ्यांची मालमत्ता सरकारजमा करणारा 1976 चा कायदा. त्याची अंमलबजावणी ‘सक्षम प्राधिकारी’ या नावाचा अधिकारी करतो, आणि मालमत्ता सचोटीच्या पैशातली आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर नसून ती बाळगणाऱ्यावर असतो. तस्कराच्या नातेवाइकांची आणि साथीदारांचीही मालमत्ता कायद्याच्या कक्षेत येते, आणि त्यातील नातेवाइकांची व्याख्या बरीच ऐसपैस आहे; तरीही कोकणातल्या एखाद्या सामायिक सातबाऱ्यापुढे ती आटोपशीरच म्हणावी लागेल.

5 जानेवारी 2024 रोजी मुंबईत या गावातील चार जमिनींचा लिलाव झाला. त्यांपैकी सर्वांत लहान, सुमारे 171 चौरस मीटरच्या म्हणजे पावणेदोन गुंठेही न भरणाऱ्या शेतजमिनीची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली स्वीकारली जात नाही ती रक्कम, 15,440 रुपये होती. बोली मात्र 2 कोटी 1 लाख रुपयांवर थांबली. भातशेती परवडत नाही म्हणून जमिनी पडीक टाकणाऱ्या जिल्ह्यात गुंठ्याला कोटीच्या वर भाव मिळावा, हा चमत्कार ना कृषी खात्याला साधला, ना हापूसला. जमिनीची किंमत सरकारनेच 15,440 ठरवलेली असल्यामुळे वरची सगळी रक्कम दाऊदच्या नावाची, हे गणित कोणत्याही तलाठ्याला तोंडी करता येईल. बोली लावणाऱ्याने मात्र आकड्याचे कारण अंकशास्त्र सांगितले, आणि भूखंडाच्या मूल्यांकनाची ही पद्धत महसूल खात्याच्या आजवर लक्षात आली नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

तस्कराची पत नष्ट करावी या हेतूने केलेला कायदा ज्या दिवशी त्याच्या नावाला एवढा भाव मिळवून देतो, त्या दिवशी तो यशस्वी झाला की अपयशी, याचा निवाडा करणारे अपिली न्यायाधिकरण अद्याप स्थापन झालेले नाही. त्याच लिलावातील आठ लाखांहून अधिक राखीव किमतीच्या दोन मोठ्या जमिनींना मात्र एकही बोली आली नाही. त्यांच्या पुढच्या जाहिरातीत क्षेत्रफळ आणि चतुःसीमा यांच्याऐवजी पूर्वीच्या मालकावरील आरोपपत्र छापावे, एवढीच सूचना सक्षम प्राधिकाऱ्यांना करता येईल.